कॉर्टिकोस्टेरॉइड मिश्रणे, रुग्णालयीन

अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकात (बाहेरील थरात) तयार होणारी स्टेरॉइड हॉर्मोने आणि त्यांच्याशी रासायनिक साम्य असलेली संश्लेषित (कृत्रिम रीतीने बनविलेली) संयुगे यांना कॉर्टिकोस्टेरॉइडे म्हणतात. ही औषधे बहुधा कारखान्यात तयार होऊन रुग्णालयात येतात. तथापि हवी ती मात्रा, हवे ते रूप किंवा विशिष्ट घटक वगळलेले औषध बाजारात मिळत नसेल, तर वैद्याच्या चिठ्ठीनुसार ते रुग्णालयाच्या औषधशाळेत किंवा बाहेरील मिश्रणशाळेत बनवून घ्यावे लागते. अर्भकासाठी हायड्रोकॉर्टिसोनाच्या गोळीचे पातळ औषध करणे, त्वचारोगावरील तीव्र मलम साध्या मलमात मिसळून सौम्य करणे आणि पाठीच्या कण्यात टोचण्यासाठी परिरक्षकविरहित (नासण्यापासून राखणारे द्रव्य न घातलेले) इंजेक्शन बनविणे, ही या प्रकारच्या मिश्रणांची प्रमुख उदाहरणे होत. अशा मिश्रणांचा पाऊणशे वर्षांचा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो : मिश्रणातील औषध किती काळ औषध म्हणून टिकते आणि ते जंतुरहित राहते की नाही. पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यास औषध निष्फळ ठरते. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्याने माणसे दगावली आहेत.

आरंभ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रॉचेस्टर (मिनेसोटा) येथील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व एडवर्ड केंडल यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताभ संधिशोथाने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीस ‘संयुग ई’ हे द्रव्य टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. पुढे ‘कॉर्टिसोन’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या द्रव्याच्या व तत्सम हॉर्मोनांच्या संशोधनाबद्दल हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइकस्टाइन यांना १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. द्रव्य विलक्षण गुणकारी असले, तरी पोटात किंवा स्नायूत दीर्घकाळ दिल्यास त्याचे दुष्परिणाम सर्व शरीरावर होतात, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून ते आजारी जागीच पोहोचविण्याचे प्रयत्न सुरू झाले. फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन थेट सुजलेल्या सांध्यात टोचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर एकदोन वर्षांतच इटली व फ्रान्समधील वैद्यांनी कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळांवर (गृध्रसीवर) मेरुरज्जूच्या बाह्य आवरणाबाहेरील जागेत हे औषध देऊन पाहिले. प्रेडनिसोलोन, मिथिलप्रेडनिसोलोन, बीटामिथॅसोन ही अधिक प्रभावी संयुगे १९५५ नंतरच्या काही वर्षांत उपलब्ध झाली व ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. अमेरिकेत दरवर्षी लक्षावधी रुग्णांना पाठीच्या कण्यात अशी इंजेक्शने दिली जातात. विशेष म्हणजे या विशिष्ट वापरासाठी तेथील अन्न व औषध प्रशासनाने एकाही कॉर्टिकोस्टेरॉइडाला मान्यता दिलेली नाही. हा वापर वैद्यांच्या स्वतंत्र निर्णयावर चालतो.

रासायनिक स्थिरता : कॉर्टिकोस्टेरॉइडाच्या रेणूतील १७ व्या कार्बन अणूस जोडलेली दोन कार्बन अणूंची शाखा हे त्याचे मर्मस्थान होय. औषधी गुण मोठ्या प्रमाणात या शाखेवर अवलंबून असतो आणि रेणूचा ऱ्हासही बहुधा तेथूनच सुरू होतो. अल्कधर्मी (क्षारकीय) माध्यमात, हवेतील ऑक्सिजनाच्या सान्निध्यात व तांब्यासारख्या धातूचा लेश असल्यास या शाखेचे ऑक्सिडीभवन होऊन निष्क्रिय पदार्थ बनतात. सौम्य आम्लधर्मी माध्यमात हे विघटन मंद असते. विरघळणारी एस्टर रूपे (उदा., मिथिलप्रेडनिसोलोनाचे सोडियम सक्सिनेट) पाण्यात जलविच्छेदनाने हळूहळू फुटतात, म्हणून ती कोरड्या भुकटीच्या रूपात ठेवून आयत्या वेळी पाण्यात मिसळावी लागतात व मिसळलेला विद्राव ४८ तासांत वापरावा लागतो.

या रसायनशास्त्राचा अनुभव सर्वांत आधी त्वचारोग विभागांना आला. बीटामिथॅसोन व्हॅलेरेटाचे तयार मलम तीव्र व महागही असे. ते साध्या मलमात चौपट किंवा दसपट मिसळून रुग्णांना देण्याची प्रथा १९६०–८० या काळात ब्रिटनमधील रुग्णालयांत सर्रास होती आणि आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागांनाही ती अपरिचित नव्हती. मिश्रण करणाऱ्यास हे काम निरुपद्रवी वाटे. पाट्यावर पळीने घोटायचे आणि डब्या भरायच्या. तथापि या संयुगात व्हॅलेरेट गट १७ व्या स्थानी असतो आणि माध्यम अल्कधर्मी असेल, तर तो तेथून २१ व्या स्थानी सरकतो. असा सरकलेला रेणू त्वचेवर कितीतरी कमी परिणाम करतो. पायसकारक (तेल व पाणी एकजीव करणाऱ्या) द्रव्यांनी युक्त असलेल्या काही मलमांत हा बदल काही तासांतच लक्षणीय प्रमाणात घडतो, असे १९८० च्या सुमारास झालेल्या अभ्यासांतून दिसून आले. म्हणजे रुग्ण घरी पोहोचेपर्यंत डबीवरील नाव तेच राहते, आतील द्रव्य मात्र बदललेले असते. याच्या उलट गंमतही आढळली. स्टेरॉइडाने त्वचा किती फिकी पडते यावरून त्याचे बल मोजण्याची कसोटी मॅकेंझी व स्टॉटन यांनी १९६२ मध्ये मांडली होती. त्या कसोटीवर पाहता रेणू टिकून राहील अशा मलमात सौम्य केलेली काही मिश्रणे अपेक्षेइतकी सौम्य झालेलीच नसत. कारण मूळ मलमात औषध विरघळून उरेल इतके भरलेले असे व पातळ केल्यावरही त्वचेला मिळणारा अंश फारसा घटत नसे. तात्पर्य, प्रमाणाचे साधे गणित येथे चालत नाही.

मलम पातळ केले की त्यातील परिरक्षकही पातळ होते, ही गोष्ट त्याहून गंभीर होती. स्यूडोमोनस एरुजिनोझा या जंतूने दूषित झालेल्या स्टेरॉइड मलमाची नोंद ब्रिटिश त्वचारोगतज्ञांनी १९६६ मध्येच केली होती. ज्या औषधाने शोथ (दाहयुक्त सूज) दबतो, त्यातच जंतू वाढत असतील तर संसर्गाची लक्षणेही दबतात व निदान लांबते. पुढे पाठीच्या कण्यातील इंजेक्शनांच्या बाबतीत हेच सत्य भयानक रूपाने समोर आले.

लहान मुलांच्या औषधाचा प्रश्न वेगळा आहे. जन्मजात अधिवृक्क विकाराच्या मुलास रोज काही मिलिग्रॅमच हायड्रोकॉर्टिसोन लागते. मात्रा कमी पडली तर जीवाला धोका आणि जास्त झाली तर वाढ खुंटते. हायड्रोकॉर्टिसोन पाण्यात अत्यल्प विरघळत असल्याने त्याचे निलंबन (न विरघळलेले सूक्ष्म कण द्रवात तरंगत असलेले मिश्रण) करावे लागते. बाटली नीट न हलविल्यास सुरुवातीचे चमचे दुबळे व तळाचे चमचे भारी होतात. हा दोष केवळ हाताने केलेल्या मिश्रणांत असतो असे नाही. अमेरिकेत कारखान्यात बनणाऱ्या अशाच एका निलंबनातील कण धरून ठेवणारा डिंक बदलल्यावर मात्रा एकसारखी राहत नसल्याचे आढळले आणि २००० च्या सुमारास ते बाजारातून मागे घ्यावे लागले. त्यामुळे पालकांना पुन्हा गोळ्यांचे तुकडे करण्याकडे व रुग्णालयांना मिश्रणाकडे वळावे लागले. मुलांसाठी मोजून भरलेले कणरूप हायड्रोकॉर्टिसोन यूरोपात २०१८ मध्ये व अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झाले.

निर्जंतुकता व परिरक्षक : दीर्घकाळ परिणाम करणारी कॉर्टिकोस्टेरॉइड इंजेक्शने (उदा., मिथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेट) ही दुधाळ निलंबने असतात. पारदर्शक विद्राव ०·२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळून जंतुरहित करता येतो. निलंबन असे गाळल्यास जंतूंबरोबर औषधाचे कणही गाळणीवरच राहतात. त्यामुळे एक तर सर्व घटक आधीच निर्जंतुक करून अत्यंत स्वच्छ जागेत एकत्र करावे लागतात किंवा तयार मिश्रण ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबपात्रात) तापवावे लागते. तापविल्याने कणांचा आकार बदलण्याची व ते गठ्ठे होऊन बसण्याची भीती असते. शिवाय निलंबन मुळातच गढूळ असल्याने त्यात वाढू लागलेले जंतू नजरेस सहज पडत नाहीत.

कारखान्यातील बहुमात्रा कुप्यांत बेंझिल अल्कोहॉलासारखे परिरक्षक असे. मेरुरज्जूच्या आवरणाच्या आत अशी इंजेक्शने दिल्यावर काही रुग्णांत जालतानिकाशोथ (मेरुरज्जूच्या मधल्या नाजूक आवरणाचा दाह) झाल्याच्या नोंदी १९६० नंतर येऊ लागल्या आणि संशय परिरक्षक व इतर पूरक द्रव्यांवर गेला. अमेरिकेत १९८२ मध्ये बेंझिल अल्कोहॉलयुक्त द्रवांमुळे अपुऱ्या दिवसांची काही अर्भके दगावल्यावर हे द्रव्य आणखीच बदनाम झाले. परिणामी पाठीच्या कण्यासाठी परिरक्षकविरहित मिथिलप्रेडनिसोलोनाची मागणी वाढली; ते तयार मिळत नसल्याने मिश्रणशाळांकडून घेतले जाऊ लागले. मज्जातंतूंना इजा होऊ नये म्हणून सावध वैद्यांनी केलेली ही निवड होती. परंतु परिरक्षक काढून टाकले की निर्जंतुकीकरणातील लहानशी चूक सुधारणारे कुपीत काहीच उरत नाही. गाळता न येणारे, परिरक्षक नसलेले, शरीराचा प्रतिकार दबविणारे आणि मेंदूच्या आवरणांशेजारी टोचले जाणारे असे हे औषध मिश्रणशाळेच्या कामांत सर्वांत अवघड म्हटले पाहिजे. मात्र ते तसे मानले गेले नाही.

कायद्यातील पोकळी : महाराष्ट्रातील जुन्या पिढीस दवाखान्यातील कंपाउंडर आणि मात्रेच्या खुणांसाठी कातरलेली कागदी पट्टी चिकटविलेली मिक्श्चरची बाटली चांगली आठवत असेल. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असेच चाले. तेथे १९३७ मध्ये डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात बनविलेल्या सल्फानिलामाइड औषधाने शंभरांहून अधिक माणसे मेली व त्यातून १९३८ चा औषधविषयक केंद्रीय कायदा झाला. (याच विषाने दूषित ग्लिसरीन दिले गेल्याने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला.) १९३८ चा कायदा कारखानदारांवर रोखलेला होता. एका रुग्णासाठी एका चिठ्ठीवर केलेले मिश्रण हा वैद्यकीय सेवेचा भाग मानून त्यावरील देखरेख घटक राज्यांच्या औषधनिर्माण मंडळांकडे राहिली.

ही विभागणी मिश्रण छोटे असेपर्यंत ठीक होती. १९९० नंतर काही मिश्रणशाळा शेकडो मैलांवरील रुग्णालयांना हजारो कुप्या पाठवू लागल्या. त्यांचे काम कारखान्याचे होते व परवाना दुकानाचा. केंद्रीय प्रशासनाने १९९७ च्या कायदादुरुस्तीने मिश्रणाच्या मर्यादा आखण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यातील जाहिरातबंदीचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या मुद्यावर रद्द ठरविले. उरलेल्या कलमांचे काय, याविषयी न्यायालयांत एकवाक्यता नसल्याने अंमलबजावणी आणखीच ढिली झाली.

इशारेही मिळाले होते. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका औषधशाळेत मिसळलेल्या बीटामिथॅसोनामधून सेरेशिया मार्सेसेन्स या जंतूचा संसर्ग पसरून तीन रुग्ण दगावले. पुढच्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनातील एका मिश्रणशाळेच्या मिथिलप्रेडनिसोलोनाने पाच रुग्णांना एक्सोफियाला या काळ्या कवकाची (बुरशीची) बाधा झाली. त्यांपैकी एक मरण पावला. तेथे ऑटोक्लेव्ह कसे चालवावे याची लेखी कार्यपद्धतीच नव्हती व तयार मालाची निर्जंतुकतेसाठी कसोटी घेतली जात नव्हती, असे तपासात दिसले. रोगकारण, औषध व चूक या तिन्ही गोष्टी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या. अमेरिकेच्या औषधिकोशाने निर्जंतुक मिश्रणांसाठी ७९७ क्रमांकाचे प्रकरण २००४ पासून लागू केले. त्यात हवेतील कणांची मर्यादा, पोशाख, हात धुणे, कसोट्या व वापराची मुदत यांविषयी नियम होते. मात्र ते बंधनकारक करावयाचे की नाही, हे ज्या त्या राज्यावर होते.

२०१२ ची साथ : टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एका डॉक्टरने १८ सप्टेंबर २०१२ रोजी राज्याच्या आरोग्य खात्यास कळविले, की प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या एका रुग्णास ॲस्परजिलस कवकामुळे मस्तिष्कावरणशोथ झाला आहे व काही आठवड्यांपूर्वी त्याला पाठीत स्टेरॉइडाचे इंजेक्शन दिले होते. निरोगी माणसात हा रोग इतका दुर्मिळ आहे, की एवढ्या एकाच माहितीवर खात्याने चौकशी सुरू केली. त्याच चिकित्सालयातील आणखी रुग्ण सापडले आणि आठवड्याभरात धागा मॅसॅचूसेट्समधील फ्रेमिंगहॅम येथील न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या मिश्रणशाळेपर्यंत गेला. तिने २६ सप्टेंबर रोजी परिरक्षकविरहित मिथिलप्रेडनिसोलोनाचे तीन गट (मे, जून व ऑगस्ट २०१२ मध्ये बनविलेले) परत मागविले. तोपर्यंत सु. १७,००० कुप्या २३ राज्यांतील ७६ चिकित्सालयांत गेल्या होत्या आणि सु. १४,००० लोकांना त्या टोचल्या गेल्या होत्या.

पहिला रुग्ण सोडल्यास बहुतेकांत एक्सेरोहायलम रॉस्ट्रेटम हे कवक आढळले. हे गवतावर व मातीत वाढणारे कवक असून याच वंशातील एक जाती मका व ज्वारीच्या पानांवरील करपा रोगास कारण होते. माणसाच्या मेंदूत त्याचा संसर्ग तोवर जवळजवळ अज्ञातच होता. त्यामुळे औषध कोणते व किती दिवस द्यावे याचा अनुभव कोणापाशीही नव्हता. काहींना इंजेक्शनानंतर थोड्या दिवसांत, तर काहींना कित्येक महिन्यांनी लक्षणे दिसली. डोकेदुखी सौम्य व ताप नाही, अशी स्थिती पुष्कळांत होती. सोबत टोचलेले स्टेरॉइड लक्षणे दाबून ठेवीत होते. मेंदूच्या तळाच्या रक्तवाहिन्यांत कवक शिरून पक्षाघात झाल्याने अनेक मृत्यू झाले. केंद्रीय रोग नियंत्रण केंद्रांच्या ऑक्टोबर २०१३ च्या गणनेनुसार २० राज्यांत ७५३ रुग्ण व ६४ मृत्यू झाले; मिशिगन व टेनेसी या राज्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. वाचलेल्यांपैकी अनेकांना महिनोन्‌महिने व्होरिकोनॅझोल किंवा अँफोटेरिसीन बी यांसारखी कडक औषधे घ्यावी लागली.

तपासणीत न उघडलेल्या कुप्यांतही नुसत्या डोळ्यांना दिसणारे हिरवट काळे तंतू सापडले. प्रशासनाने कसोटीस घेतलेल्या एका गटातील ५० च्या ५० कुप्यांत सूक्ष्मजंतूंची वाढ झाली. औषध ऑटोक्लेव्हमध्ये ठरलेल्या २० मिनिटांऐवजी कमी वेळ ठेवले जाई, काही माल कसोटीचा निकाल येण्यापूर्वीच रवाना होई आणि स्वच्छ खोल्यांतील पृष्ठभागांवर बुरशी असल्याच्या स्वतःच्याच नोंदींकडे शाळेने काणाडोळा केला होता. प्रत्येक कुपीमागे रुग्णाच्या नावाची चिठ्ठी हवी, हा नियमही कागदोपत्रीच पाळला जाई. काही याद्यांत प्रसिद्ध व्यक्तींची व कल्पित पात्रांची नावे रुग्ण म्हणून घातलेली होती. या शाळेची केंद्रीय निरीक्षकांनी २००२ मध्येही तपासणी केली होती व २००६ मध्ये तिला इशारापत्र दिले होते. त्यानंतर सहा वर्षे ठोस कारवाई झाली नाही. अधिकार केंद्राचा की राज्याचा, या वादात ती वर्षे गेली, असेच म्हणावे लागते. प्रमुख बॅरी कॅडन यांना २०१७ मध्ये फसवणूक व संघटित गुन्हेगारी यांबद्दल दोषी ठरविण्यात आले. खुनाच्या आरोपांतून ते सुटले. पुढे २०२१ मध्ये त्यांची शिक्षा साडेचौदा वर्षांची करण्यात आली.

नंतरची व्यवस्था : अमेरिकेत २७ नोव्हेंबर २०१३ रोजी झालेल्या कायद्याने मिश्रणाचे दोन वर्ग केले. चिठ्ठीनुसार रुग्णासाठी मिश्रण करणाऱ्या औषधशाळा राज्यांच्या देखरेखीखाली राहिल्या. चिठ्ठीविना मोठ्या प्रमाणावर निर्जंतुक औषधे पुरवू इच्छिणाऱ्यांनी केंद्राकडे नोंदणी करून कारखान्यांसारखी निर्मितिमानके पाळावीत, असे ठरले. मात्र या दुसऱ्या वर्गातील नोंदणी ऐच्छिक आहे. नव्या कायद्यापूर्वी काही महिनेच, मे २०१३ मध्ये, टेनेसीतील दुसऱ्या एका मिश्रणशाळेच्या परिरक्षकविरहित मिथिलप्रेडनिसोलोनाने पुन्हा संसर्ग झाल्याचे आढळले होते. एप्रिल २०१४ मध्ये प्रशासनाने असाही इशारा दिला, की औषध निर्दोष असले तरी पाठीच्या कण्यात दिलेल्या कॉर्टिकोस्टेरॉइडामुळे क्वचित दृष्टिनाश, पक्षाघात व मृत्यू संभवतात.

तांत्रिक पेच अजून सुटलेला नाही. औषधिकोशातील निर्जंतुकता कसोटीस १४ दिवस लागतात. म्हणून २००८ च्या नियमांनुसार निर्जंतुक नसलेल्या घटकांपासून बनविलेले व कसोटी न घेतलेले मिश्रण खोलीच्या तापमानास २४ तास, शीतकपाटात ३ दिवस व गोठवून ४५ दिवसच वापरता येत असे. कसोटी घेऊन मुदत वाढवावी, तर तेवढ्या काळात औषधाचे रासायनिक प्रमाण व निलंबनाचे रूप टिकते हेही दाखवावे लागते आणि त्यासाठी लागणारी उपकरणे फार थोड्या रुग्णालयांपाशी असतात. ७९७ क्रमांकाच्या प्रकरणाची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२३ पासून अधिकृत झाली. तीत जुनी धोक्याची वर्गवारी सोडून जागेची स्वच्छता, निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि कसोटी या आधारे मिश्रणांचे तीन प्रकार केले असून सर्वांत दीर्घ मुदतीसाठी स्थिरतेचा प्रत्यक्ष पुरावा व प्रत्येक गटाची निर्जंतुकता कसोटी आवश्यक केली आहे.